शेवटच्या बाकावरून एम.ए.

सावनेर
९ जून २०२५

आदरणीय मॅडम,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि चिन्मयीवहिनींच्या मोबाइलवर निरोप पाठवला की तो आधी घरभर फिरतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो, असं दिवाळीला तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून आज पोस्टातून पाकीट आणलं. मी कोणाला पत्र लिहिते आहे याची खिडकीतल्या बाईंना फार उत्सुकता होती. बी.एड.ला ज्यांनी मला इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवलं त्यांना, असं सांगितल्यावर त्यांचा उत्साह मावळला.

काम असं आहे की मी एम.ए. करायचं ठरवलंय. अडतिसाव्या वर्षी, नोकरी आणि घर सांभाळून, म्हणजे अर्थातच दूरशिक्षणानं. करायचं हे नक्की आहे, कोणतं करायचं हे नक्की होत नाही.

एक आहे साधं इंग्रजी साहित्याचं एम.ए. आमच्या शाळेतल्या निम्म्या लोकांनी तेच केलंय. दुसरं आहे इंग्रजीच्या शिक्षकांसाठीचं, भाषा कशी शिकवावी याचं एम.ए. तिसरं एक विलायती आहे, सगळं कॉम्प्युटरवर, आणि त्याची फी पाहून धर्मेंद्र इतकंच म्हणाले, "चहा ठेव." तेव्हा ते बाद समजा.

गोम अशी की आमच्या ज्युनिअर कॉलेजचे रुपराव सर डिसेंबरात निवृत्त होताहेत. साहित्याच्या एम.ए.ला नुसता प्रवेश घेतलेला असला तरी त्या जागेवर आधी तात्पुरतं घेऊ आणि पदवी हाती आली की कायमसाठी नाव पुढे करू, असं मुख्याध्यापक ओमप्रकाश सर म्हणतात. भाषाध्यापनाचं एम.ए. तिथे चालेल की नाही हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगत नाही. मला ती जागा हवी आहे, मॅडम, खोटं कशाला बोलू. पण माझ्या आठवीत साठ मुलं आहेत. ती आमच्या शाळेत तीन वर्षं इंग्रजी शिकतात आणि दहावीतून बाहेर पडताना इंग्रजीत पाणीसुद्धा मागू शकत नाहीत. हे मला रोज टोचतं.

जुलैअखेर प्रवेश बंद होईल. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन असं नाही, पण तुम्ही काय सांगता ते ऐकल्याशिवाय मी ठरवणार नाही.

तुमची,
श्वेता


बेसा, नागपूर
१४ जून २०२५

प्रिय श्वेता,

तुझे अक्षर अजून तसेच आहे, ओळ सोडून वर चढणारे. तेव्हाही मी लाल शाईने खाली ओढत असे.

प्रश्न सोपा आहे. साहित्याचे एम.ए. कर. रुपरावांची खुर्ची रिकामी होते आहे आणि तिथे बसायला काय लागते ते तुला माहीत आहे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. बरे, शिकवावे कसे हे शिकवणारी पदवी तुला कशाला हवी? ते तुला मी शिकवले आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलीने पुन्हा तेच शिकायला दुसऱ्यांना पैसे भरावेत, हे मला तरी अपमानास्पद वाटते.

माझे म्हणशील तर धंतोलीचे घर सोडून इथे सातव्या मजल्यावर आल्यापासून मजेत आहे. कानातले यंत्र शिट्टी मारते म्हणून ते बहुतेक वेळ डबीतच असते. टीव्ही आवाज बंद करून पाहते. बातम्या देणाऱ्यांचे ओठ मला आता वाचता येतात, आणि काय बोलतात ते कळायला लागल्यापासून कान गेल्याचे दुःख बरेच कमी झाले आहे. ऋषी म्हणतो, "आई, खाली बागेत जाऊन बस ना, बायका असतात." जाऊन काय करू? त्या बोलणार आणि मी हसणार, तेही चुकीच्या जागी. त्यापेक्षा गॅलरी बरी.

साहित्याचे कर. फॉर्म भरलास की कळव.

चारुलता


सावनेर
२९ जून २०२५

आदरणीय मॅडम,

फॉर्म भरला नाही. रागावू नका, कारण यात अर्धा दोष माझ्या सासऱ्यांचा आहे.

बापूजी दर गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी धंतोलीला जातात. तिथल्या दवाखान्याच्या हॉलमध्ये गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं नंबर लागायची वाट पाहत बसलेली असतात, हे तुम्ही धंतोलीत राहून पाहिलेलंच आहे. माझी पदवी ठरत नाही हे कळल्यावर बापूजींनी तिथेच चौकशी उघडली. मला म्हणाले, "बियाणं पाकिटावरचं चित्र पाहून घेत नसतात वं पोरी. ज्याच्या वावरात मागच्या साली उभं होतं, त्याले विचारा लागते." काटोलच्या एका गृहस्थांची सून घरबसल्या एम.ए. होऊन मोठ्या पगारावर लागली, तिचा नंबरसुद्धा त्यांनी आणला. मी फोन केला. ती ग्रंथालयशास्त्र शिकली होती. बापूजींना सांगितलं तर म्हणाले, "पुस्तकायचंच हाय ना तेबी?"

पण त्यांची गोष्ट माझ्या डोक्यात बसली. बियाण्याच्या कंपन्या शेतकऱ्यांना शिवार फेरीला नेतात ना, उभं पीक दाखवायला, तशी आपणही एक फेरी करावी. साहित्याचं पीक आमच्याच शाळेत उभं आहे. वैभवी. माझी मैत्रीण, एम.ए. साहित्य, नववीला शिकवते. तिच्या तासाला जाऊन बसले. कविता इतकी सुंदर समजावली तिनं की मीच वहीत लिहून घेतलं. मुलं गप्प ऐकत होती. तास संपल्यावर मला जाणवलं की त्या तासात इंग्रजी फक्त वैभवीनं आणि त्या कवीनं वापरलं.

मग दुसऱ्या एम.ए.च्या अभ्यासकेंद्रावर गेले, नागपूरला. ते पीक ज्याच्या वावरात उभं आहे असं कोणी सापडेना. तिथल्या माणसानं निदान पुस्तिका चाळू दिल्या. बरंचसं आवडलं. एक अट तर फारच आवडली. वर्षभर आपल्याच वर्गावर काम करायचं, आणि एका अनुभवी निरीक्षकानं तासाला येऊन बसून काय दिसलं ते लिहून द्यायचं. पण प्रकरण पाच वाचून मी कपाळावर हात मारला. मोठ्या वर्गात मुलांना बोलतं कसं करावं, असा विषय. त्यात लिहिलंय की शिक्षकानं वाक्य म्हणावं, सगळ्या वर्गानं एका सुरात ते पुन्हा म्हणावं, त्या आवाजाच्या आडोशानं लाजऱ्या मुलाची जीभ सुटते. मॅडम, हे लिहिणाऱ्यानं साठ मुलांचा वर्ग बहुधा स्वागतसमारंभाच्या व्यासपीठावरून पाहिला असावा. माझ्या वर्गात पुढचे तीन बाक ओरडतात आणि मागचे त्यांच्या शेकोटीवर हात शेकतात. कोण आहेत ही मंडळी, कोणी यांना पुस्तकं लिहायला सांगतं?

म्हणजे साहित्याचं घेतलं तर जागा आहे पण मुलं तिथेच राहतात, आणि हे घेतलं तर असली प्रकरणं वाचावी लागतात. डोकं चालत नाहीये. लवकर लिहा.

श्वेता


बेसा
३ जुलै २०२५

श्वेता,

प्रकरण पाच मी लिहिले आहे.

विद्यापीठाने वीस वर्षांपूर्वी मागितले, मी लिहून दिले. लेखकांची नावे पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतात. तू पुढचेच वाचून कपाळावर हात मारलेला दिसतो. तुझे पत्र मिळाल्यावर कपाटातून काढून ते प्रकरण पुन्हा वाचले. मला ते अजूनही आवडते.

व्यासपीठावर मी आयुष्यात दोनदा बसले आहे आणि दोन्ही वेळा मला डुलकी लागली होती. वर्ग मी तीस वर्षे पाहिले. तेव्हा घोडामैदान जवळच आहे. तुझ्या आठवीचा तास कधी असतो ते कळव. मी येऊन बसणार आहे, एस.टी.ने. ऋषी गाडी काढतो म्हणाला, मी नको म्हटले. तो आणि चिन्मयी एकमेकांकडे बघत राहिले. गेल्या दीड वर्षात मी एकटी लिफ्टने खाली उतरलेले नाही, हे त्यांच्याबरोबर मलाही तेव्हाच आठवले.

चारुलता


सावनेर
७ जुलै २०२५

आदरणीय मॅडम,

तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं आणि पहिली ओळ वाचून परत पाकिटात घातलं. वैभवीनं विचारलं, "काहून वं, कोण गेलं?" मी म्हटलं, मीच.

माफी मागायला वही-पेन घेऊन बसले होते. ज्यांच्यामुळे मी वर्गात उभी राहायला शिकले त्यांनाच असं लिहून बसले, याचं फार वाईट वाटतंय, आणि ते मनापासून आहे. व्यासपीठाचं वाक्य मागे घेते. शेकोटीचं घेत नाही. तेही मनापासून आहे. खोटं वाटत असेल तर या आणि बघा.

आठवीचा तास गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर असतो. तो बापूजींचा धंतोलीचाच दिवस आहे. ते सकाळी नागपूरच्या बसस्थानकावर उतरले की तिथेच थांबतील आणि तुम्हाला सावनेरच्या गाडीत बसवून मग दवाखान्यात जातील. बापूजी ओळखायला सोपे आहेत. पांढरं धोतर, हातात काळी पिशवी, आणि मिशा.

तास तुमच्याच पद्धतीनं घेते, पुस्तिकेत लिहिलंय अगदी तसा. मग तुम्हीच सांगा.

श्वेता


बेसा
१९ जुलै २०२५

प्रिय श्वेता,

आधी बापूजींबद्दल. सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांच्या मिशांमुळे ओठ दिसत नाहीत, आणि ओठ दिसले नाहीत तर मला काही कळत नाही. ते बसस्थानकावर माझ्याशी बराच वेळ बोलले. मी अंदाजाने मान हलवत गेले. आता कशाकशाला हो म्हणाले आहे ते तूच विचारून ठेव.

तासानंतर माझ्याभोवती मुलांचा गराडा पडला, चहा आला, ओमप्रकाश सर आले, म्हणून तुझ्याशी बोलता आले नाही. आणि खरे सांगायचे तर मला थोडा वेळ हवा होता.

तू माझी खुर्ची फळ्याजवळ, मुलांकडे तोंड करून ठेवली होतीस. यंत्र मी मुद्दाम पर्समध्ये ठेवले होते. साठ मुले एकदम ओरडली की ते कानात भोकाड पसरते. त्यामुळे तुझा अख्खा तास मी आवाजाशिवाय पाहिला. तू वाक्य म्हणायचीस, मग पुढचे तीन बाक तोंडे उघडायचे. खिडकीकडची रांग नुसती हनुवटी हलवत होती. एक मुलगा, शपथेवर सांगते, जांभई देत होता. शेकोटीबद्दल तुझे म्हणणे बरोबर आहे. लिहायला जड जाते आहे, पण बरोबर आहे.

आता दुसरे. शेवटच्या बाकावर दोन घट्ट वेण्या घातलेली, रोड मुलगी बसते. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असतो तेव्हा तिचे ओठ मिटलेले असतात. वर्गाचे म्हणून होते, तू वहीकडे बघून पुढच्या वाक्याला श्वास घेतेस, आणि तेवढ्यात तिचे ओठ हलायला लागतात. ती ते वाक्य एकटी म्हणते. आवाज नसतो बहुतेक, कारण शेजारची मुलगीसुद्धा वळून बघत नव्हती. निम्म्यावर येते तोवर तू पुढचे वाक्य सुरू करतेस, आणि ती तोंड मिटून घेते. एकदा नाही, तासभर हेच चालले होते. मला आधी वाटले भास असेल. मग मी फक्त तिच्याचकडे बघत बसले.

म्हणजे आडोशाने जीभ सुटते हे मी लिहिले ते खोटे नाही. पण ती सुटते केव्हा, तर सगळे गप्प झाल्यावर. आणि तेव्हा शिक्षकाने गप्प राहावे हे मी कुठेही लिहिलेले नाही, कारण वर्गात मी नेहमी आवाजच ऐकत आले. तूही तेच करतेस, माझ्याचकडून शिकलीस. चांगले कान असलेल्या कोणालाही ही मुलगी सापडली नसती.

साहित्याचे एम.ए. कर असे मी लिहिले होते. ते आता नुसते मत समज, हुकूम नाही. रुपरावांची जागा सोडू नये असे मला आजही वाटते. पण त्या मुलीचे नाव काय ते मला कळव.

चारुलता


सावनेर
२ ऑगस्ट २०२५

आदरणीय मॅडम,

तिचं नाव वेदिका. यंदाच आली, पलीकडच्या खेड्यातल्या शाळेतून. सव्वा महिना झाला, हजेरीला "प्रेझेंट" म्हणते त्यापलीकडे मी तिचा आवाज ऐकलेला नाही. मी तिला मंद समजत होते. तुमचं पत्र वाचून मला रडू आलं, ते धर्मेंद्रना दिसलं, आणि त्यांना वाटलं तुम्ही मला अजून त्या प्रकरणावरून बोलताय. "जाऊ दे ना, म्हाताऱ्या माणसाचं मनाले लावून घेऊन राहिली," असं म्हणून त्यांनी माझी समजूत काढली. मी तुम्हाला हे सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वाक्यानंतर थांबते. फार अवघड आहे हो. शांतता झाली की मला वाटतं तास हातातून गेला. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं मी वाक्य विसरले, आणि पुढच्या बाकानं मला ते सांगितलंसुद्धा. वेदिकाचे ओठ आता वाक्य पुरं करतात. आवाज अजून नाही.

तर मी ठरवलंय. शिक्षकांसाठीचं एम.ए. घेतेय. ओमप्रकाश सरांना सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, घरी चालत आलेली जागा सोडून राहिल्या तुम्ही." वैभवी अर्ज करणार आहे, तिची पदवी तयारच आहे. तिनं आधी मला विचारलं, "तुले चालन ना वं?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं, पण म्हणताना मी तिच्याकडे न बघता वह्या तपासत होते.

बापूजींना वाटलं मी हे त्यांच्या चौकशीमुळेच घेतलं. म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होतात ज्याच्या वावरात उभं आहे त्याला विचार, हे तर कोणाच्याच वावरात उभं नव्हतं. ते हसले. "मागच्या साली सगळ्या गावानं घेतलं तेच बियाणं म्याबी घेतलं होतं. त्यायची जमीन भारी, आपली मुरमाड. काय पिकलं तुले माहीत हाय." एवढं सांगून ते जेवायला बसले. हे त्यांनी जूनमध्येच सांगितलं असतं तर माझा काटोलचा फोन वाचला असता.

प्रवेशाची मुदत नेहमीप्रमाणे वाढली आहे. फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा ठेवलाय, निरीक्षकाचा. अनुभवी शिक्षक पाहिजे, वर्षभर तासाला येऊन बसणारा. मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नको. ऐकू येत नाही असं म्हणू नका. ते मला माहीत आहे, म्हणूनच विचारतेय.

श्वेता


बेसा
८ ऑगस्ट २०२५

प्रिय श्वेता,

धर्मेंद्रला सांग, म्हाताऱ्या माणसाने मनाला लावून घेतलेले नाही.

नाव लिही. माझ्या अटी आहेत. एक, दर पंधरा दिवसांनी गुरुवारी येईन, आणि चहा तासाच्या आधी पाहिजे, नंतर नको. दोन, समोरच्या खुर्चीवर बसणार नाही. समोर म्हातारी दिसली की मुले तिच्यासाठी तोंडे हलवायला लागतात, ते परवाच पाहिले. मी शेवटच्या बाकावर वेदिकाशेजारी बसेन. तीन, प्रकरण पाचवर तुला स्वाध्याय लिहावा लागला, तर लिहिताना माझी भीड ठेवू नकोस. पण पाठवण्याआधी मला वाचायला देऊही नकोस. मला राहवणार नाही.

चिन्मयीने माझ्यासाठी कापडी पिशवी शिवली आहे, गुरुवारची म्हणून. त्यात पाण्याची बाटली, छत्री, चष्मा, औषधे आणि यंत्राची डबी. एवढे सामान घेऊन मी शेवटची कधी बाहेर पडले होते ते आठवत नाही. काल रात्री जेवताना उगीचच हसू येत होते, आणि ऋषीने विचारल्यावर मी त्याला आणखी भाजी वाढली.

चारुलता


बेसा
२३ जानेवारी २०२६

प्रिय श्वेता,

काल तुझ्या वर्गात काहीतरी झाले आणि ते काय झाले हे मला माहीत नाही. सुटी होताच मला बसकडे पळावे लागले, आणि तुझ्याभोवती मुलांचा घोळका होता. म्हणून लिहिते.

जे दिसले ते सांगते. मुले जोडीजोडीने बोलत होती, तू मधल्या रांगेत वाकून काही सांगत होतीस. मी माझ्या जागी बसून वहीत टिपणे करत होते. एकदम पुढच्या बाकावरच्या दोन मुली मागे वळल्या. मग त्यांच्या मागच्या. मग सगळा वर्ग, साठच्या साठ तोंडे, माझ्याकडे. मी पटकन कानाला हात लावला. वाटले, यंत्राने शिट्टी मारली. पण यंत्र डबीत होते. मग पदर पाहिला, तो नीट होता. तुझ्याकडे पाहिले तर तू तोंडावर हात धरून उभी. आणि मग बाजूला बघितले तर वेदिका उभी होती. लाल झालेली, वेण्या दोन्ही मुठींत धरून. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिचे ओठ नुकतेच मिटत होते.

ती काही बोलली, हो ना? मोठ्याने बोलली असणार. काय बोलली? निरीक्षकाच्या अहवालात मला ते लिहायचे आहे, आणि अख्ख्या वर्गात ते न ऐकलेली मी एकटीच आहे.

घाई कर. आज दिवसभर घरात चिडचिड केली आहे.

चारुलता


सावनेर
२७ जानेवारी २०२६

आदरणीय मॅडम,

तुमचं पत्र शनिवारी आलं, पण सव्वीस जानेवारीच्या तयारीत बुडाले होते. आज पहिलं काम हेच.

ती बोलली. कोणत्याही धड्यातलं नाही, फळ्यावरचं नाही, मी शिकवलेलंही नाही. ते वाक्य तिनं एकदा म्हटलं, अगदी हळू, ते फक्त तिच्या पुढच्या बाकानं ऐकलं. तुम्ही लिहीत राहिलात. मग तिनं ते दुसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्यानं. तुम्ही पान उलटलंत. मग ती उभी राहिली, आणि वर्गात कोणीही कधी म्हटलं नसेल इतक्या मोठ्यानं, इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, युवर बॅग इज ऑन माय बुक."

गुरुवारची पिशवी, मॅडम. ती तिच्या पुस्तकावर ठेवली होतीत.

तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही पहिल्यांदाच पिशवी उचलली असतीत, आणि ते वाक्य त्या बाकावरच राहिलं असतं. मी मधल्या रांगेत होते, मला कधीच कळलं नसतं. सुटी झाल्यावर मी तिला विचारलं, एवढ्या जोरात काहून बोललीस गं? ती म्हणाली, "त्यायले आयकू येत नाही ना, मंग जोरात बोला लागते."

वैभवी रुपराव सरांच्या जागेवर जाऊन आता तीन आठवडे झाले. ज्युनिअर कॉलेजच्या जिन्यावरून ती उतरताना दिसली की पहिले काही दिवस मी दुसऱ्या दारानं जायचे. गुरुवारी संध्याकाळी ती मला शोधत स्टाफरूममध्ये आली, मुलांनी तिला आधीच सांगितलं होतं. आम्ही दोघींनी चहा घेतला, आणि तिला मी ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. आता त्याच जिन्याखालून जाते.

प्रकरण पाचवरचा स्वाध्याय या आठवड्यात पाठवते. कबूल केल्याप्रमाणे तुम्हाला दाखवणार नाही. पण शेवटचा परिच्छेद तुमच्या पिशवीवर आहे, एवढं सांगते.

बापूजी विचारत होते, पुढच्या गुरुवारी बसस्थानकावर थांबू ना? आणि तिथे पहिल्या दिवशी ते तुम्हाला काय विचारत होते ते अखेर मी त्यांच्याकडून काढून घेतलं. ही पोरगी आयुष्यात काही करेल का, असं ते विचारत होते. तुम्ही जोरजोरात मान हलवली होतीत.

पिशवी घेऊनच या. ठेवायची कुठे ते वेदिका सांगेल.

श्वेता